खरेदीखताची मागची तीन पानं

वडील रेल्वेत गार्ड होते. ते गेल्यावर काही महिन्यांनी त्यांच्या फंडाची रक्कम आईच्या हातात आली आणि त्याच सुमारास क्वार्टर रिकामं करण्याची चिठ्ठीही आली. तेव्हापासून आमच्या घरात कुणी स्वस्थ बसलेलं मला आठवत नाही. आई उभ्यानं चहा प्यायची. मी एकच पुस्तक चार ठिकाणी उघडून ठेवायची आणि एकाही ठिकाणी बसून वाचायची नाही.

तळेगावहून मामा आला. तो आईचा थोरला भाऊ, कचेरीत कारकून. त्याचं सगळं ठरलेलं होतं.

"पैसे पोस्टात ठेव आणि दोघी माझ्याकडे या. माडीवरची खोली रिकामीच आहे."

त्या माडीवरच्या खोलीत आम्ही दर मे महिन्यात आठ दिवस राहत असू. आठव्या दिवशी मामी भांडी जरा जास्त जोरात ठेवायला लागायची. आईनं मान वर न करता सांगितलं, "दादा, मी घर घेणार आहे. इथंच, लोणावळ्यात. पुढच्या खोल्या भाड्यानं द्यायच्या, मागं आम्ही राहू."

"लोणावळ्याला माणसं येतात एप्रिल-मेमध्ये. उरलेले दहा महिने काय भिंतींकडे भाडं मागणार?"

"बघीन."

"बघ. पण एकच वर्ष. पुढच्या दिवाळीपर्यंत घरानं तुम्हा दोघींना पोसलं नाही, तर ते विकायचं आणि तळेगावला यायचं. बोल."

आई "बरं" म्हणाली. त्या एका शब्दावर आमचं पुढचं सगळं वर्ष टांगलेलं होतं.

मी तेव्हा इंग्रजी शाळेतून नुकतीच बाहेर पडले होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझे तळहात ओले व्हायचे. पण घरात आलेलं इंग्रजी पत्र, नोटीस, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, सगळं मीच वाचायची. आई बाळबोध अक्षर वाचायची, पोथीपुरतं. त्यामुळे घर शोधणं हे काम आपोआप दोघींत वाटलं गेलं. घर आई बघायची, कागद मी.

आईची घर बघण्याची रीत मी आजपर्यंत दुसऱ्या कुणात पाहिलेली नाही. खंडाळ्यापासून वळवणपर्यंत आम्ही सहा घरं बघितली असतील. प्रत्येक घरी ती तीन वेळा जायची: भर दुपारी, दिवेलागणीला आणि सकाळी उठल्या उठल्या. दुपारी पत्रे आणि कौलं किती तापतात ते कळतं, संध्याकाळी डास कळतात आणि सकाळी शेजार कळतो, असं ती म्हणायची. दाराच्या चौकटीचं खालचं टोक ती नखानं टोकरून बघायची. तिथं लाकूड मऊ लागलं की पुढच्या खोल्या न बघताच परत फिरायची. कपाट असेल तर त्याच्या मागं हात घालून भिंतीला तळवा टेकवायची. मालकाला फारसं काही विचारायचीच नाही. विचारायची ती माळ्याला, धोब्याला. "श्रावणात कपडे कुठं वाळत घालता हो?" असं तिनं एका धोब्याला विचारलं, तो म्हणाला, "चुलीवर बाई, दुसरीकडं कुटं?" ते घर तिथंच संपलं.

रिकाम्या खोलीच्या मध्यावर ती डोळे मिटून उभी राहायची. एकदा मी विचारलं काय करतेस, तर म्हणाली, "खाट ठेवतेय. रिकामी खोली नेहमी मोठी दिसते. आधी खाट, कपाट आणि पाळणा मनात ठेवून बघावा, मग चालायला वाट उरते का ते बघावं."

आणि तिच्या पिशवीत एका पुरचुंडीत तूरडाळ असायची. प्रत्येक घराच्या विहिरीचं तांब्याभर पाणी ती मागून आणायची आणि घरी येऊन त्यात डाळ शिजत टाकायची. डाळ लवकर गळली तर पाणी चांगलं. "पाणी नितळ तर कुठलंही दिसतं," ती म्हणायची, "भाडेकरणीचा स्वयंपाक रखडला की ती महिन्यात सामान बांधते."

तुंगार्लीच्या वाटेवरच्या घराची डाळ सगळ्यांत लवकर शिजली. डोंगराच्या पायथ्याशी, उतारावर ते उभं होतं. पुढं चार खोल्या आणि व्हरांडा, मागं दोन खोल्या, परसात जांभळाच्या झाडाखाली दगडी विहीर. मालक मुंबईला, विकायची गडबड त्यांच्या मुखत्याराला. लढाईचे दिवस होते. मुंबईची माणसं बाहेर जागा शोधत होती. "रविवारी दुसरं गिऱ्हाईक येतंय," मुखत्यारानं सांगितलं. विकणारा घाईत असला की आपण घाई करायची नाही, हे आईनंच मला पाच घरं फिरताना पाच वेळा सांगितलं होतं. सहाव्या घराला ती ते विसरली. मार्गशीर्ष चालू होता आणि पुढं पौषात तिला व्यवहार करायचा नव्हता.

क्वार्टरमध्ये आमच्या ट्रंकेवर बसून मुखत्यारानं कागद उघडले. खरेदीखत इंग्रजीत होतं, एकेक वाक्य पानभर लांब. मी ते वाचत गेले आणि आईला मराठीत सांगत गेले. एरवी पाहुण्यांसमोर माझा आवाज घशातून वर येत नसे. त्या दिवशी तो आला. मुखत्यार म्हणाला, "बाई, मुलीला वकील करा." मला ते आवडलं. ते किती आवडलं होतं हे आठवलं की अजून मला बसल्या जागी चुळबूळ होते.

खताच्या मागं पांढऱ्या दोऱ्यानं तीन पिवळी पानं शिवलेली होती. मोडीत लिहिलेली. वरच्या रेघेला अक्षरं एकाला एक धरून लोंबत होती. कुठं शब्द संपतो तेही मला कळेना.

"आणि हे मागचं काय?" आईनं विचारलं.

"जुनं खत आहे," मुखत्यार म्हणाला. "पहिल्या मालकानं जमीन घेतली तेव्हाचं."

आईनं माझ्याकडे बघितलं. इंग्रजी खतात एका ओळीत लिहिलेलं होतं की जुन्या खतातल्या अटी नव्या मालकावरही राहतील. ती ओळ मी वाचली होती. तिथं जरा अडखळले होते आणि पुढं सरकले होते. मला मोडी येत नाही, हे चार शब्दांचं वाक्य होतं. ते म्हणायच्या ऐवजी मी म्हटलं, "तेच असणार गं. सगळं इंग्रजीत आलंच आहे."

मामाला मोडी उत्तम येत होती. पण त्याला कागद दाखवले की तो "थांब" म्हणणार, आणि थांबलो की माडीवरची खोली. आईनं त्याला दाखवले नाहीत. मी सुचवलं नाही. आठवड्याभरात वडगावच्या रजिस्ट्रार कचेरीत आईनं जपून, एकेक अक्षर काढत सही केली आणि घर आमचं झालं.

रंग, कौलं, दोन खाटा, जुन्या आरामखुर्च्यांची एक जोडी. फाल्गुनात भाडेकरू बघायला यायला लागले. त्यांचीही आईची परीक्षा होती. "आधी काय विचारतात ते ऐक. पाण्याचं विचारणारी माणसं राहायला येतात. डोंगर कुठून दिसतो असं विचारणारी चार दिवसांत कंटाळतात." दादरचे एक डॉक्टर आले. त्यांच्या पत्नीनं आधी विहिरीत डोकावून बघितलं. त्यांना मुलांना मुंबईबाहेर ठेवायचं होतं. एप्रिल-मे राहून बघतो, जमलं तर सगळं वर्ष घर आमच्याकडेच राहू द्या, असं ते म्हणाले. आई त्या रात्री पोटभर जेवली. मामाला द्यायचं उत्तर हातात आल्यासारखं झालं होतं.

मला मात्र जेवण जात नव्हतं. दुपारी आई पडली की मी ती तीन पानं काढायची, उजेडात धरायची. एखादा आकडा ओळखू यायचा, बाकी काही नाही. परत ठेवायची. थोड्या वेळानं परत काढायची.

डॉक्टरांचं बिऱ्हाड आलं आणि आठवड्यानं चैत्री पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातलं मागचं फाटक करकरलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं तर डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग आत येत होती. दहा-बारा जणी असतील. सगळ्यांत पुढं एक म्हातारी, पाठीतून वाकलेली, पण चाल घरच्यासारखी. तिनं रहाटावरचा आमचा दोर ओढून बघितला आणि म्हणाली, "नवा हाय. बरं केलंनी."

आई धावत बाहेर गेली. "अहो, कोण तुम्ही? फाटक कुणी उघडलं?"

"फाटकाला कडी हाय आन् आमाला हात हायती," मागची एक तरुण बाई म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या.

म्हातारीनं तिला डोळ्यांनीच दटावलं. "वाडीच्या हाय आमी, बाई. चैतात आमची हीर तळ दावती. मंग मिरुग लागस्तवर हितं येतो. दर साली."

"येत असाल. पण आता हे घर आम्ही विकत घेतलंय, मावशी. विहीर आमची आहे."

"व्हय, तुमचीच की. पानी तेवढं दोघांचं. कागुद हाय त्याचा."

"कुठंय कागद? दाखवा."

"आमच्यापाशी कुटला असनार? घर ज्याचं, कागुद त्याच्यापाशी."

"बाईंनी घर घ्येतलं, वाचायचं ऱ्हायलं जनू!" ती तरुण बाई परत म्हणाली. या वेळी म्हातारीही हसली.

मी दाराआड उभी राहून हे ऐकत होते. पुढच्या व्हरांड्यात डॉक्टरांच्या पत्नी उभ्या होत्या. बायका हंडे भरून गेल्यावर त्या मागं आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "सकाळी दार उघडावं तर समोर बारा हंडे. पोरं अजून झोपलेली असतात. हे रोज असणार का?"

"नाही, नाही. मी बंदोबस्त करते," आई म्हणाली. मग आत येऊन तिनं मला विचारलं, "आपल्या कागदात असलं काही आहे का गं?"

"इंग्रजीत तर नाही," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. त्याहून वाईट होतं. आई "मग झालं" म्हणाली, चपला घातल्या आणि बाजारातून पितळी कुलूप घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी बायका आल्या तेव्हा फाटक उघडंच होतं, कारण कडी कुलपाला बसत नव्हती. लोहार दुपारी येऊन नवी कडी ठोकून गेला. ठोक्यागणिक मी दचकत होते. तो गेल्यावर मी खताचा पांढरा दोरा उसवून तीन पानं शाळेच्या शिवणाच्या पिशवीत घातली आणि "दोरा आणते" म्हणून निघाले.

बाजारात एका वृद्ध मुसलमान गृहस्थांचं दोरखंड, बादल्या, कंदील असल्या मालाचं दुकान होतं. त्यांचं घराणं मावळातलंच, पिढ्यान्‌पिढ्या. बाजाराला येणाऱ्या गावकऱ्यांना ते मोडी कागद वाचून देत असत, हे मला ठाऊक होतं. सगळे त्यांना काका म्हणत. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघेपर्यंत मी समोरच्या वाण्याच्या दारात तीनदा उभी राहिले आणि तीनदा पुढं गेले.

"आता ये आत," त्यांनीच हाक मारली. "मघापासून घिरट्या घालतेस. तुझ्या आईला कुलूप बदलून हवंय का?"

कुलूप याच दुकानातलं होतं. मी पानं पुढं केली. त्यांनी चष्मा पुसला, पान लांब धरलं, जवळ धरलं आणि वाचायला लागले. वाचता वाचता त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"इंग्रजी शाळेत शिकलीस ना तू? साहेबाच्या देशातलं सगळं वाचता येत असेल. आणि परसातल्या विहिरीचा कागद माझ्याकडे?"

मी पिशवीतून वही काढली.

"बरं, लिहून घे."

मी वहीच्या शेवटच्या पानावर बाळबोधीत उतरवून घेतलं. ज्यानं बंगल्यासाठी जमीन दिली त्या वाडीच्या शेतकऱ्यानं लिहून घेतलेलं ते होतं. चैत्री पौर्णिमेपासून मृग लागेपर्यंत, सूर्य कासराभर वर येईतो, वाडीच्या बायकांनी मागच्या फाटकानं येऊन पाणी न्यावं. त्याबद्दल वाडीच्या माणसांनी दर वैशाखात विहिरीचा गाळ उपसून द्यावा आणि पावसाआधी घरामागचा चर मोकळा करून द्यावा. घराचा मालक बदलला तरी हे चालावं.

"कासराभर म्हणजे किती?" मी विचारलं.

काकांनी छताला टांगलेला बैलाचा कासरा दाखवला. "एवढ्या दोरीइतका सूर्य वर आला की बायकांनी निघायचं. तुमच्या मुंबईकरांचा दुसरा चहा होईपर्यंत, समज."

"हे नाही पाळलं तर चालतं का? कोर्टात?"

"कोर्टाचं मला काय विचारतेस? मला एवढं सांग, तुमचं घर उताराखाली. डोंगराचं पाणी आषाढात कुठून जातं? त्या चरातून. चर कोण काढणार, तू?" मग आवाज उतरवून म्हणाले, "मोडी येत नाही, हे आईला सांगितलं होतंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग आधी ते सांग. कागद मागाहून. आणि दोन दिवस आधी आली असतीस, तर माझं एक कुलूप तेवढं खपलं नसतं."

घरी आले तर पुढच्या व्हरांड्यात आई आणि डॉक्टरांच्या पत्नी बोलत बसल्या होत्या. "फाटकाची सोय झाली म्हणजे वर्षाचं नक्की करून टाकू," असं त्या म्हणत होत्या. आईचा चेहरा किती दिवसांनी सैल झालेला होता. मी दोरा आणायला विसरले होते, तेही तिनं विचारलं नाही. मी त्या दिवशी बोलले नाही. जेवताना म्हणू, मग भांडी घासताना म्हणू, मग सकाळी. बोलायचं ठरवून मी इतक्या वेळा तोंड उघडलं की शेवटी आईनं विचारलं, "दात दुखतोय का?"

सकाळी फाटकाला कुलूप होतं. पलीकडे बायका उभ्या होत्या. किल्ली आईच्या कमरेला होती आणि ती हाताची घडी घालून विहिरीपाशी उभी होती. पुढच्या बाजूनं डॉक्टर, त्यांची पत्नी, मुलं सगळी कोपऱ्यावर येऊन बघत होती.

"आजपासून बंद," आई म्हणाली. "तुमची काय ती दुसरी सोय बघा."

कुणी भांडलं नाही. म्हातारीनं हंडा उलटा घातला आणि त्यावर बसली. "बसतो आमी. बाईंचा च्या व्हऊ दे, मंग बोलू."

"इंजिनाची वाट बघत बसलीस व्हय गं आत्ये?" ती तरुण बाई म्हणाली. "शिट्टी व्हाजल्याबिगार फाटक न्हाई उघडायचं."

मी वही घेऊन बाहेर आले. जांभळाखालची ती दहा पावलं मला स्टेशनाच्या फलाटाएवढी लांब वाटली.

"आई, कागदात आहे."

"काय?"

"मागच्या तीन पानांत. यांचं पाणी आहे त्यात. मला मोडी येत नाही. घर घेताना मी सांगितलं नाही."

आईनं माझ्याकडे बघितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती, चौकटीचं लाकूड मऊ लागल्यावर बघायची तशी.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचायला लागले. पलीकडून आवाज आला, "मोट्यानं वाच की गं पोरी. म्हातारीला ऐकू येत न्हाई." मी मोठ्यानं वाचलं. पौर्णिमा, मृग, कासराभर सूर्य, वैशाखातला गाळ. तिथं श्वास घ्यायला थांबले.

"चराचं ऱ्हायलं," म्हातारी म्हणाली. "चर बी आमीच काढतो."

"पुढच्या ओळीत आहे," मी म्हटलं.

"आसंल, आसंल. पर सोडू नगं."

एक अक्षर न येणाऱ्या बाईला तो सगळा कागद पाठ होता. आईनं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, किल्ली आणि कुलूप दोन्ही माझ्या हातात दिली आणि आत गेली. बायका आत आल्या. जाताना ती तरुण बाई माझ्यापाशी थांबली. "वाचलंस झ्याक. जरा आधी वाचायचं."

दोन दिवस आई माझ्याशी "मीठ दे" आणि "दार लाव" एवढंच बोलली. डॉक्टरांच्या पत्नीनं तिसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं की मे अखेर जातो, वर्षाचं जमणार नाही. घर चांगलं आहे, तुमचं काही चुकलं नाही, पण आम्हाला निवांत हवं होतं. आई "ठीक आहे" म्हणाली आणि नंतर बराच वेळ एकच पातेलं घासत राहिली. दिवाळीला सहा महिने होते.

त्या रात्री ती आपणहून बोलली. "तू तेव्हा सांगितलं असतंस, तर मी घर घेतलं नसतं का?"

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही. घेतलंही असतं. पण पाणी नेणाऱ्या बायका आहेत, हे त्यांना आधी सांगून मग भाडं ठरवलं असतं." मग म्हणाली, "मीही मार्गशीर्षात विहीर बघितली. ती चैत्रात बघायची असते. डाळ शिजवत बसले."

वैशाखात आजूबाजूच्या बंगल्यांच्या विहिरी आटल्या. बैलगाडीतून पिंपं यायला लागली. आमचं पाणीही खाली गेलं आणि गढूळ व्हायला लागलं. तेव्हा एका सकाळी वाडीचे सहा जण टोपल्या आणि दोर घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. दोन दिवस दोघं आत उतरून गाळ भरत होते आणि चौघं वर ओढत होते. गाळातून एक पितळी लोटा, एक खुळखुळा आणि चार पोहरे निघाले. म्हातारीनं लोटा ओळखला. "माझ्या सासूचा," म्हणाली आणि पदरानं पुसून घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी तळाचे झरे मोकळे झाले आणि पाणी चढलं. नितळ, गार. डॉक्टरांच्या पत्नी विहिरीत डोकावून बघत म्हणाल्या, "कमाल आहे." पण त्यांनी दुसरं घर ठरवलेलं होतं. ठरल्याप्रमाणे त्या गेल्या.

रिकाम्या खोल्या बघवत नव्हत्या. मी झाडलेल्या खोल्या परत झाडायची. पावसाळ्यात लोणावळ्याला कोण येणार? मग माझ्या मनात आलं की आम्ही बाहेरून येणाऱ्या माणसांचाच विचार करत होतो. जी इथंच असतात, त्यांचा कुणी केला नव्हता. माझ्या शाळेतल्या दोन शिक्षिका भाड्याच्या घरात एकत्र राहायच्या आणि त्यांची विहीर आटली होती, हे मी ऐकलं होतं. शाळेच्या फाटकापर्यंत मी दोनदा जाऊन परत आले. तिसऱ्यांदा आत गेले. त्या मला वर्गात शिकवत होत्या तेव्हा मी वर्षभरात त्यांच्याशी जेवढं बोलले नसेन तेवढं त्या दिवशी बोलले. आणि उलट्या क्रमानं बोलले: आधी बायकांचं सांगितलं, पौर्णिमेपासून मृगापर्यंत, कासराभर सूर्य येईतो. मग फाटकाचं. मग पाण्याचं. खोल्यांचं शेवटी.

थोरल्या बाईंनी एकच विचारलं. "मे महिन्यात पाणी होतं?"

"होतं."

"आम्ही पाचला उठतो," धाकट्या म्हणाल्या. "बायकांचा आम्हाला काय त्रास?"

दोघी मृगाच्या आधी आल्या. डॉक्टर देत होते त्याहून भाडं बरंच कमी होतं, पण ते बारा महिने येणारं होतं. आषाढात डोंगर उतरून पाणी आलं, मोकळ्या केलेल्या चरातून घराला वळसा घालून गेलं, आणि मागच्या भिंतीला आईनं तळवा टेकवला तो कोरडा राहिला.

दिवाळीला मामा आला. सगळ्या खोल्या फिरला, खिडक्या लावून-उघडून बघितल्या, बाईंशी चार शब्द बोलला. नापसंत करण्यासारखं त्याला काही सापडेना आणि त्यामुळे तो अस्वस्थ होता. परसात आल्यावर त्याला गवतात पडलेली पायवाट दिसली.

"ही कसली वाट?"

"वाडीची. पाण्याला येतात," आई म्हणाली. "कागदात आहे."

"कागद नीट वाचून घेतलेस ना? नाही, बायकांना फसवतात म्हणून विचारलं. मागं जुनी मोडी खतं जोडलेली असतात, ती कुणी बघत नाही."

मी चकल्यांची ताटली घेऊन दारात उभी होते. आईनं माझ्याकडे बघितलं नाही.

"हिनं वाचले," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मामानं मान डोलावली आणि चकली उचलली. तळेगावचा विषय त्यानं काढला नाही.

दर गुरुवारी मी काकांच्या दुकानामागच्या खोलीत त्यांच्या घरच्या बायकांत बसून मोडी गिरवत होते, हे त्याला माहीत नव्हतं. आई "शेवटपर्यंत" म्हणाली त्या दिवशी मला दीड पान वाचता येत होतं.